ते महाळुंगे आपलं नव्हे

मध्यंतरी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक स्क्रीनशॉट फिरला. मेट्रोचा नकाशा, त्यावर कुणीतरी बोटानं काढलेला लाल गोल आणि खाली ओळ : ‘महाळुंग्याला मेट्रो आली रे!’ पाच मिनिटांत पन्नास अंगठे पडले. एकानं प्लॉटचा भाव विचारला. दुसऱ्यानं लगेच सांगूनही टाकला. मग एका पोरानं नकाशा मोठा करून नीट पाहिला आणि लिहिलं, ‘ते महाळुंगे आपलं नव्हे.’

ग्रुप गप्प झाला.

पुण्याच्या आसपास महाळुंगे दोन आहेत. एक बालेवाडीला चिकटून असलेलं, मुळशीकडचं. हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गावरचं बालेवाडी स्टेडियमचं स्थानक त्याच्या उशाशी आहे. दुसरं आमचं, खेड तालुक्यातलं महाळुंगे इंगळे, तळेगाव-चाकण रस्त्यावरचं, एमआयडीसीच्या पोटातलं. कॅबवाला रोज चुकतो. ‘सर, लोकेशन बालेवाडीचं दाखवतंय’ म्हणतो आणि मी ‘चाकणचं’ असं सांगितलं की राइड कॅन्सल करतो. त्याचा राग येत नाही. आमच्या रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता मीही स्वतःहून आलो नसतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ऑफिस कल्याणीनगरला. आठवड्यातून तीन दिवस जावं लागतं. घरून बाईकनं नाशिक फाट्यापर्यंत, तिथून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलून पुढं. मेट्रोचा सगळा प्रवास गाडी बदलण्यासकट पाऊण तासाच्या आत होतो. नाशिक फाट्यापर्यंत पोचायला मात्र चांगल्या दिवशी एक तास आणि वाईट दिवशी दोन तास लागतात. त्यामुळं मला मेट्रो आवडते, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जे लिहिलंय ते मेट्रोच्या विरोधात नाही. तिच्याबद्दल आपल्याला जे सांगितलं जातं आणि जे सांगितलं जात नाही, त्याबद्दल आहे.

रीलमधली गुपितं

तुमच्याही फोनवर ते रील आलं असेलच. ‘पुणे मेट्रोची ही गुपितं ९९ टक्के पुणेकरांना माहीत नाहीत!’ मागं ढोल-ताशा. त्यातली बरीच माहिती खरी आहे आणि मजेशीरही आहे. जिल्हा न्यायालयाचं भुयारी स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे, देशातल्या सर्वांत खोल स्थानकांपैकी एक, तरीही वरून थेट ऊन फलाटापर्यंत उतरतं. ज्या जागेवर ते बांधलं तिथं पूर्वी सरकारी धान्य गोदाम होतं. भुयार खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा आणि पवना अशी आपल्या नद्यांची नावं दिली होती आणि हे भुयार मुठेच्या पात्राखालून गेलंय. २०१९ मध्ये स्वारगेटला खोदताना जुनं भुयार सापडलं, तेव्हा आख्खं शहर इतिहासकार झालं होतं. डेक्कनला स्थानकाच्या छपराला पगडीचा आकार आहे. वनाज हे स्थानकाचं नाव एका कारखान्यावरून आलंय.

ही माहिती मीही चार जणांना ऐकवली आहे. पण एक दिवस नाशिक फाट्याच्या स्थानकात गाडीची वाट बघताना लक्षात आलं की ही सगळी गुपितं एकाच बाजूची आहेत. खोली, छप्पर, भुयार, पेशवे. सगळी शिवाजीनगरच्या पलीकडची. पण हीच मार्गिका पिंपरीहून सुरू होते. त्या टोकाचं काही गुपित नाहीच का?

आहे. ते दिसायला खोल उतरावं लागत नाही. मार्ग कुठं संपतो ते बघायचं, आणि तो आखला त्या वर्षी आसपास काय चाललं होतं ते बघायचं.

२००९

दिल्ली मेट्रो रेल कॉर्पोरेशननं पुण्याच्या मेट्रोचा प्रकल्प अहवाल केला ते वर्ष २००९. त्यात पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट असा उत्तर-दक्षिण मार्ग होता. उत्तरेचं टोक कुठं? पिंपरीत, महापालिकेच्या इमारतीसमोर.

त्याच २००९ च्या ३१ मार्चला चाकणमध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी मर्सिडीज-बेंझ पिंपरीतली जागा सोडून चाकणला आली. पुढच्या वर्षी महिंद्राचा चाकणचा कारखाना सुरू झाला. बजाजचा कारखाना तर आमच्या महाळुंग्यात १९९९ पासूनच होता.

म्हणजे ज्या वर्षी मेट्रोचं टोक पिंपरीत ठरलं, त्याच वर्षी काम पिंपरीहून चाकणकडं सरकत होतं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. मोठा कारखाना सरकला की त्याच्या मागं त्याचे व्हेंडर सरकतात. व्हेंडरच्या मागं प्रेसवाले, पावडर कोटिंगवाले, पॅकिंगवाले, मेसवाले आणि खोल्या भाड्यानं देणारे. माझे पप्पा असेच सरकले. १९९८ मध्ये औशाहून भोसरीत आले, एका शेडमध्ये लेथवर उभे राहिले. शेडच्या मालकाला काम देणारी कंपनी चाकणला गेली तसा मालक गेला, मालक गेला तसे पप्पा गेले आणि पप्पा गेले तसे आम्ही महाळुंग्यात आलो. आमच्या घराचा पत्ता कुणी ठरवला असेल तर तो कुठल्यातरी असेंब्ली लाइननं.

हे सरकणं नवं नव्हतं. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को, बजाज. गावं कारखान्यांमागं वाढली. कामगारांच्या घरांसाठी १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण काढावं लागलं, १९८२ मध्ये महापालिका झाली. ह्या पट्ट्यात आधी भोंगा वाजतो आणि शहर मागून येतं, हे सत्तर वर्षं सगळ्यांना माहीत आहे. तरीही मेट्रो आखताना हा अनुभव कुठं दिसत नाही.

आणि ही गोष्ट फक्त चाकणची नाही. निगडीचीही आहे. निगडी-आकुर्डी हा पिंपरी-चिंचवडचाच भाग, महापालिकेपासून साडेचार किलोमीटरच्या आत. पहिल्या टप्प्यात तोही नव्हता. भूमिपूजन झालं २४ डिसेंबर २०१६ ला. निगडीपर्यंतच्या ४.४ किलोमीटरला केंद्राची मंजुरी मिळाली ऑक्टोबर २०२३ मध्ये, सुमारे ९१० कोटी रुपयांची. साडेचार किलोमीटरसाठी सात वर्षं. हा हिशेब धरला तर चाकणची पाळी कधी येईल, हे तुम्हीच मोजा. मी मोजलं आणि कॅल्क्युलेटर बंद केला.

भोसरी नावाचं स्थानक

६ मार्च २०२२ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा पुण्यात दोन वेगळे तुकडे धावत होते. वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी. आमच्या बाजूचा तुकडा पुण्याला जोडलेलाच नव्हता. फुगेवाडीला गाडी थांबायची आणि परत फिरायची. १ ऑगस्ट २०२३ ला ती शिवाजीनगरच्या पुढं पोचली. तोवर जवळजवळ दीड वर्ष लोक सुट्टीच्या दिवशी पोरांना घेऊन चक्कर मारायला जायचे. आम्हीही गेलो होतो. आईनं डब्यात पोहे घेतले होते.

त्या तुकड्यात ‘भोसरी’ नावाचं एक स्थानक होतं. पप्पा खूश झाले. पंधरा वर्षं भोसरीत काढली होती त्यांनी. खाली उतरून आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, ‘अरे, हा तर नाशिक फाटा.’

खरंच होतं ते. स्थानक नाशिक फाट्याला, कासारवाडीच्या बाजूला. भोसरी गाव आणि भोसरी एमआयडीसी तिथून काही किलोमीटर आत. पाटी भोसरीची आणि भोसरीचा पत्ता नाही. पुढं ते नाव बदलून नाशिक फाटा असं करण्यात आलं, ते बरंच झालं. पण मला ती जुनी पाटी सरळ वाटायची. एवढ्या मोठ्या औद्योगिक वसाहतीच्या वाट्याला मेट्रो आली ती नावापुरती, हे निदान त्या पाटीवर लिहिलेलं होतं.

आता हिंजवडी मार्गाच्या स्थानकांची जाहीर झालेली यादी वाचा. इन्फोसिस फेज टू, विप्रो फेज टू, क्वाड्रॉन, मेगापोलिस. आयटी कंपन्यांच्या दारात स्थानकं आहेत आणि कंपन्यांची नावंही. मी त्याच धंद्यातला आहे, त्यामुळं मला ह्याचं वाईट वाटायचं कारण नाही. हिंजवडीत ट्रॅफिक आहे, माणसं आहेत, मेट्रो हवीच. पण मी आठवड्यातले दोन दिवस घरून काम करू शकतो. लेथ घरून चालवता येत नाही. ज्याला रोज, पाळीप्रमाणे, पावसात आणि थंडीत जावंच लागतं त्याच्याकडं मेट्रो नाही, आणि ज्याला पर्याय आहे त्याच्या गेटवर आहे. हा क्रम कुणी लावला?

सहाची गाडी

समजा उद्या चमत्कार झाला आणि चाकणला मेट्रो आली. तरी पप्पांना ती पकडता येणार नाही. सकाळची पहिली मेट्रो सहाला सुटते. रात्री अकरानंतर बंद. पप्पांची पहिली पाळी साडेसहाची, म्हणजे गेटवर सव्वासहाला पंच. दुसरी पाळी सुटते बाराच्या आसपास. तिसरी तर सोडूनच द्या. चाकण पट्ट्यात कंपनीगणिक वेळा थोड्या इकडंतिकडं होतात, पण आठ तासांच्या तीन पाळ्या कुठं चुकत नाहीत. मेट्रोचं घड्याळ मात्र ऑफिसचं आहे.

लंडनमध्ये जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली १८६३ मध्ये. दुसऱ्याच वर्षी, १८६४ मध्ये, तिथं पहाटे सहाच्या आत कामगारांसाठी स्वस्त तिकिटाच्या गाड्या सुटायला लागल्या. १८८३ मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदाच केला की रेल्वे कंपन्यांनी कामगारांसाठी अशा गाड्या पुरवाव्यात. कोळशाच्या इंजिनाच्या काळात, धुरानं भरलेल्या बोगद्यात त्यांना जे सुचलं, ते आपल्या वातानुकूलित गाडीला सुचत नाही.

पॅरिसचं उदाहरण तर आपल्याला चपखल बसतं. तिथली मेट्रो कित्येक वर्षं शहराच्या हद्दीत अडकून होती. ती हद्द ओलांडून उपनगरात गेली १९३४ मध्ये, नवव्या क्रमांकाच्या मार्गिकेनं. कुठं गेली? बुलोन-बियांकूरला. जिथं रेनोचा मोटारींचा कारखाना होता. मोटारी बनवणाऱ्या गावापर्यंत मेट्रो न्यायला पॅरिसला लाज वाटली नाही.

आमच्या पट्ट्यात दुचाकी बनतात, जीपगाड्या बनतात, मर्सिडीज बनतात. मेट्रोचे ॲल्युमिनियमचे डबे मात्र येतात पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून. येऊ देत. पण देशभरातल्या लोकांना फिरवायला गाड्या बनवणारा माणूस स्वतः घरी कसा जातो, हा प्रश्न तरी पडायला हवा.

‘पण तिकडं प्रवासी आहेत कुठं?’

हे लिहायच्या आधी मी ऑफिसात दोघातिघांशी वाद घातला. त्यांचे मुद्दे वाईट नव्हते. एक म्हणाला, मेट्रो दाट वस्तीत परवडते. चाकणला वस्ती विरळ, शेडच जास्त. दुसरा म्हणाला, मोठ्या कंपन्यांच्या स्वतःच्या बस आहेत, कामगार मेट्रोत बसणारच नाहीत. तिसऱ्यानं २०१७ चं केंद्राचं मेट्रो धोरण काढलं. त्यात खासगी सहभाग हवा, दुसरे पर्याय तपासायला हवेत, असं बरंच काही आहे.

खर्चाचा मुद्दा मला मान्य आहे. मेट्रो महाग असते. पण मग एक आकडा बघा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं नाशिक फाटा ते खेड असा सुमारे ३० किलोमीटरचा आठ पदरी उन्नत रस्ता मंजूर केला. खर्च ७,८२७ कोटी रुपये. म्हणजे पैसा ह्या रस्त्यावर येऊ शकतो. गर्दी आहे हेही मान्य आहे, नाहीतर आठ पदर कशाला? फक्त ती गर्दी मोटारींची म्हणून मोजली की पूल मिळतो आणि माणसांची म्हणून मोजायची म्हटलं की डीपीआर निघतो. चाकणच्या मेट्रोचे प्रस्ताव कधी ह्या मार्गानं, कधी त्या मार्गानं, कागदावर येत-जात राहतात. पुणे-नाशिक रेल्वेची आखणी तर खोडदच्या महाकाय दुर्बिणीपाशी, जीएमआरटीपाशी, अडली. आकाशातले रेडिओ तारे ऐकणारी ती दुर्बीण मला प्रिय आहे, ती वाचलीच पाहिजे. पण आमच्या वाट्याला पुन्हा रस्ताच आला.

कंपनीच्या बसचा मुद्दा जास्त गमतीचा आहे. आमच्या कामात एक साधी गोष्ट आम्ही नव्या पोरांना शिकवतो : जे लॉग झालं नाही, ते सिस्टीमच्या दृष्टीनं घडलंच नाही. कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्याच्या हातात तिकीट नसतं. तिकीट नसलं की तो तिकीटविक्रीच्या कुठल्याच आकड्यात नसतो. आणि कंपनीची बस मिळते कुणाला? कायम कामगाराला. ठेकेदाराकडं असलेली पोरं, ट्रेनी, व्हेंडरकडचे हेल्पर सहा आसनी रिक्षात दहा जण बसून जातात, नाहीतर एका बाईकवर तिघं. त्यांना कोण मोजतं? जो मोजलाच गेला नाही त्याच्याबद्दल ‘प्रवासी नाहीत’ म्हणणं सोपं असतं.

हद्दीचं कारणही देऊ नका. आम्ही पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात आहोत. २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहोत. पीएमपीची बस चाकणच्या पुढंही जाते. चोर पकडायला आणि बांधकामाचे नकाशे मंजूर करायला आम्ही शहरात असतो. मेट्रोचा विषय निघाला की ग्रामीण होतो.

वाद कुणाचे ऐकले गेले

मेट्रोला उशीर झाला तो काही आमच्यामुळं नाही. २००९ च्या अहवालानंतर भूमिपूजनाला सात वर्षं गेली, आणि त्यातला बराच काळ पुण्यातल्या वादात गेला. वरून न्यायची की खालून? जंगली महाराज रस्त्यानं की नदीकाठानं? सुमारे १.७ किलोमीटरचा टप्पा मुठेच्या पात्रातून जाणार म्हणून २०१६ मध्ये काही जाणत्या पुणेकरांनी हरित लवादाकडं दाद मागितली. नदीची काळजी रास्त होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि पेपरात हे सगळं वाचायचो. जंगली महाराज रस्त्यावरच्या झाडांवर वाचलं, पेठांतल्या जुन्या वाड्यांवर वाचलं. पहिल्या पाळीच्या वेळेवर एखादा लेख वाचल्याचं मला आठवत नाही.

दोष फक्त पुण्याला देऊन चालणार नाही. आम्हीही मागितलं नाही. आमच्या गावात मेट्रो म्हणजे प्लॉटचा भाव. त्या स्क्रीनशॉटखाली पहिला प्रश्न भावाचा आला, पहिली गाडी किती वाजता हा प्रश्न कुणालाच पडला नाही. मलाही नाही. आमची पिढी मेट्रोत रील करते, फलाटावर पडणाऱ्या उन्हात फोटो काढते. आम्ही गुपितं शेअर करतो आणि मागणी करायला विसरतो. ‘तुम्हाला माहीत आहे का’ छाप माहितीनं शहर आपलं वाटायला लागतं, हे खरं. पण आपल्याला त्या शहराकडून काय घ्यायचंय, हे ती माहिती विसरायला लावते.

म्हणून मागण्या लिहितो. त्या मोठ्या नाहीत.

एक : पहिली गाडी पहाटे पाचच्या आत सोडा आणि शेवटची मध्यरात्रीनंतर. रोज जमत नसेल तर निदान पिंपरी बाजूच्या टप्प्यावर सुरुवात करा.

दोन : नाशिक फाट्याहून भोसरी एमआयडीसी, मोशी, कुरुळी, चाकण आणि महाळुंग्यापर्यंत पीएमपीच्या फीडर बस पाळीच्या वेळेला जुळवून सोडा. ह्याला ना डीपीआर लागतो, ना भूमिपूजन.

तीन : नाशिक फाटा ते खेड उन्नत रस्त्याच्या खांबांवर मेट्रोची जागा आत्ताच ठेवा, आणि ठेवली असेल तर ती नकाशावर जाहीर दाखवा. नागपुरात वर्धा रोडवर एकाच खांबावर रस्ता आणि मेट्रो दोन्ही उभे आहेत. ते बांधणारी महामेट्रोच आपली मेट्रो चालवते, त्यामुळं जमत नाही असं म्हणता येणार नाही. खांब एकदा उभे राहिले की पुढची तीस वर्षं आपण ‘तेव्हाच विचार करायला हवा होता’ असं म्हणत बसू.

चार : मोजायला या. पहाटे पाचला आणि रात्री बाराला, चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहून मोजा. चहा मी पाजतो.

गेल्या महिन्यात ऑफिसात रिलीज होती, निघायला उशीर झाला. शेवटच्या गाडीनं नाशिक फाट्याला उतरलो. माझ्यामागं स्थानकाचं शटर खाली आलं. जिन्याखाली पाच-सहा पोरं उभी होती, पाठीला सॅक, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, रात्रपाळीला निघालेली. चाकणकडं जाणाऱ्या प्रत्येक टेम्पोला हात करत होती. एकाला मी बाईकवर मागं बसवलं. नांदेडकडचा होता, चाकणला येऊन चार महिने झालेले. मोशी गेल्यावर त्यानं विचारलं, ‘दादा, ती मेट्रो कुठून येते ओ? मी अजून बसलो नाही.’

मी त्याला सांगितलं, रविवारी जा, जिल्हा न्यायालयाला उतर, फार खोल स्थानक आहे, बघण्यासारखं आहे. तो म्हणाला, ‘रविवारी ओटी असतो.’